गच्चीवरच्या बागेचं वर्ष: पुण्याच्या हवेत काय आणि कधी लावावं

पुण्यात प्रजासत्ताक दिनाच्या आगेमागे एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. ते बघून आलेली माणसं त्याच उत्साहात नर्सरी गाठतात आणि पिटुनिया, डेलिया, फुलांनी लगडलेला गुलाब असं काय काय रिक्षात घालून घरी आणतात. मार्चअखेर त्यातलं निम्मं वाळलेलं असतं आणि घरात ठरतं, की आपल्या हाताला झाडं लागत नाहीत. हाताचा यात काही दोष नसतो. पिटुनियाचं आयुष्यच थंडीपुरतं, आणि नव्या गुलाबाची मुळं धरायच्या आत होळी येऊन ठेपते. रोप घेताना त्यावर आज किती फुलं आहेत याच्यापेक्षा पुढचे दोन महिने हवा कशी असणार आहे हे बघावं. या लेखातलं बाकी सगळं त्यातूनच निघालेलं आहे.

वेळापत्रक पुण्याचं आहे: वर्षाला सातशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस, एप्रिल-मेमध्ये चाळीशीला टेकणारा पारा, डिसेंबर-जानेवारीत काही रात्री दहा अंशांच्या खाली. नाशिक-साताऱ्याला ते थोड्याफार फरकाने चालेल. मुंबई, कोकण, गोव्यात पाऊस तिपटीहून जास्त आणि थंडी नावापुरती, त्यामुळे तिथे गुलाबाचा हट्ट कमी करावा आणि कुंडीच्या निचऱ्याकडे दुप्पट लक्ष द्यावं. नागपूर-अकोल्याकडच्या लोकांनी उन्हाळ्याची तयारी मी सांगते त्याच्या पंधरा दिवस आधी करावी.

आधी ऊन कुठे पडतं ते लिहून काढा

रोप, कुंडी, खत यांतलं काहीही विकत घेण्याआधी हे करायचं. एका सुट्टीच्या दिवशी सकाळी आठ, अकरा, दुपारी दोन आणि संध्याकाळी पाच वाजता बाल्कनीत किंवा गच्चीत कुठवर ऊन येतं ते खडूने रेघ मारून ठेवा. पाच-सहा तास ऊन मिळतं ती जागा मोगरा, गुलाब, जास्वंद, टोमॅटो, मिरची यांची. तीन-चार तासांच्या जागी पालेभाज्या, अळू, पुदिना, सोनटक्का. त्याहून कमी असेल तर मनीप्लांट, नेचे वगैरे. तिथे फुलझाड आणून त्याचा छळ करू नये.

पण हे काम वर्षातून एकदा करून भागत नाही, आणि बहुतेक लोक फसतात ते इथेच. पुणे साडेअठरा अंश अक्षांशावर आहे. मेच्या मध्याला, १३-१४ तारखेच्या सुमारास, दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तो शून्य सावलीचा दिवस. तिथून जुलैच्या शेवटापर्यंत दुपारचा सूर्य आपल्या किंचित उत्तरेला असतो. डिसेंबरात तोच सूर्य दक्षिणेकडे इतका कलतो, की भर दुपारीसुद्धा क्षितिजापासून जेमतेम ४८ अंशांवर असतो. आता फ्लॅटची दक्षिणेकडची बाल्कनी घ्या. वर स्लॅब आहे. डिसेंबरात तिथे ऊन पार आतल्या भिंतीपर्यंत येतं आणि मेमध्ये, जेव्हा सगळं शहर भाजत असतं, तेव्हा त्या बाल्कनीत थेट ऊन जवळजवळ नसतं. उत्तरेच्या बाल्कनीचं उलटं: हिवाळाभर सावली, आणि उन्हाळ्यात सकाळी व उतरत्या दुपारी तिरपं ऊन. म्हणून दक्षिणेच्या बाल्कनीत थंडीची फुलं आणि कोथिंबीर-मेथी उत्तम येतात, आणि ज्याच्याकडे फक्त उत्तर बाजू आहे त्याने शेवंतीच्या वाटेला न जाता अळू, हळद, सोनटक्का अशी पावसाळी मंडळी सांभाळावीत. खडूच्या रेघा एकदा डिसेंबरात, एकदा मेमध्ये मारा.

पश्चिमेची भिंत हा वेगळाच विषय आहे. दुपारी दोनपासून तापलेली भिंत रात्री नऊपर्यंत गरम राहते. तिथे माझं मत बोगनवेलीला. दुसरं काहीही लावलं, तर एप्रिलमध्ये रोज त्याची समजूत काढावी लागते.

माती, कुंडी आणि वजन

गच्चीसाठी मिश्रण साधं ठेवावं: दोन भाग लाल माती किंवा पोयटा, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट, आणि बारा इंची कुंडीमागे मूठभर निंबोळी पेंड. शेतातली काळी माती फुकट मिळाली तरी एकटी वापरू नये. ती पावसात चिखल होऊन बसते आणि मार्चमध्ये भेगाळते. कोकोपीटचा अतिरेकही नको. नर्सरीतली रोपं निव्वळ कोकोपीटमध्ये असतात कारण ती वाहून न्यायला हलकी पडतात. घरी आणल्यावर तो गोळा वरून कोरडा आणि आतून ओलागच्च राहतो, किंवा एकदा पूर्ण वाळला की पाणी आत घेतच नाही, बाजूने ओघळून जातं. रोप बदलताना मुळांचा गोळा बोटांनी हलकेच मोकळा करून, बाहेरचं कोकोपीट झाडून मगच नव्या मातीत बसवा.

मातीचं प्रमाण कमी करायचं असेल तर पालापाचोळा हा उत्तम मार्ग. शहरातल्या घरीही पालापाचोळ्यापासून कसदार माती करता येते हा विचार महाराष्ट्रात रुजवण्यात श्रीपाद अच्युत दाभोळकर आणि त्यांच्या प्रयोग परिवाराचा मोठा वाटा आहे. सोसायटीत फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते, ती पोत्यात भरून ठेवा, अधूनमधून ताकाचं किंवा शेणाचं पाणी शिंपडा; पाऊस संपेपर्यंत तळाशी काळी भुसभुशीत माती तयार असते. पाला जाळणाऱ्या सोसायट्यांबद्दल मला जे वाटतं ते इथे लिहिण्यासारखं नाही.

वजनाचा विचार मात्र आधीच करायचा. झाडं लावायच्या पंधरा इंची पिशवीत चाळीसेक लिटर मिश्रण मावतं आणि भिजल्यावर ती पन्नास किलोच्या घरात जाते. अशा जड पिशव्या गच्चीच्या मधोमध न ठेवता कठड्याच्या कडेने, तुळईच्या रेषेवर ठेवाव्यात. प्रत्येक कुंडीखाली दोन विटा हव्यात, म्हणजे पाणी वाहून जातं, फरशी वाळते आणि खालच्या मजल्यावरून ओल आल्याची तक्रार येत नाही. गच्चीवर हिरवळ लावायच्या मी पूर्ण विरोधात आहे. तिला बारा महिने पाणी लागतं, आणि तेवढ्या पाण्यात पन्नास कुंड्या जगतात.

मृग ते आश्लेषा: लावणीचे दिवस

मृग नक्षत्र ७-८ जूनला लागतं आणि पाऊस पुण्यात साधारण त्याच आठवड्यात येतो किंवा हूल देतो. पहिल्या वळवाला भुलून लावणी करू नये. चार-पाच पाऊस होऊन माती आतपर्यंत गार झाली, की वर्षभरातली कायमची झाडं लावायची ती आता: कढीपत्ता, लिंबू, पारिजातक, सोनचाफा, जास्वंद, मोगऱ्याची नवी रोपं. आर्द्रा-पुनर्वसूत, म्हणजे जूनअखेर ते जुलैच्या मध्यापर्यंत, लावलेलं झाड उन्हाळा येईपर्यंत आठ महिने मुळं पसरतं. फेब्रुवारीत लावलेल्याला आठ आठवडेसुद्धा मिळत नाहीत.

पहिल्या आठवड्यातली कामं अशी. कुंड्यांखालच्या ताटल्या काढून टाका; त्यात साचलेल्या पाण्यात आठवडा-दहा दिवसांत डास तयार होतात आणि डेंग्यूचा डास नेमका अशाच स्वच्छ पाण्यात वाढतो. कुंडीच्या तळाची भोकं काडीने मोकळी करा. उन्हाळ्यातली हिरवी जाळी उतरवा. निवडुंग, ॲडेनियम, कोरफड पावसाच्या झडीतून छपराखाली घ्या. ॲडेनियमचा फुगीर बुंधा दाबून बघा, मऊ लागला तर पाणी जास्त झालंय.

फांद्या लावायच्या तर याच दिवसांत. जास्वंद, बोगनवेल, मधुमालती, तगर यांची पेन्सिलीएवढी जाड, वीतभर लांब फांदी घ्यायची, खालचा काप डोळ्याच्या, म्हणजे फूट येते त्या जागेच्या, लगेच खाली तिरका द्यायचा, वरची दोन पानं ठेवून बाकीची काढायची आणि ओल्या वाळू-मातीत निम्मी खोचायची. सावलीत ठेवा आणि मुळं धरली का ते बघायला उपटू नका. मोगऱ्याची फांदी अशी लागते, पण दाब कलम जास्त भरवशाचं: जमिनीलगतची फांदी वाकवून, मध्ये थोडी साल खरवडून, तेवढा भाग शेजारच्या कुंडीतल्या मातीत दाबून वर दगड ठेवायचा. दसऱ्यापर्यंत ती तोडून वेगळी करता येते.

पावसाळ्यात माझं सगळ्यात आवडतं झाड नर्सरीत सहसा मिळत नाही. कळलावी, म्हणजे गौरीचे हात. इंग्रजी व्ही अक्षरासारखा तिचा कंद हिवाळाभर आणि उन्हाळाभर मातीत मेल्यासारखा पडून असतो. जूनमध्ये एका टोकाला पांढरट कोंब येतो आणि आठवड्याभरात वर चढायला लागतो. चढते कशी ते जवळून बघण्यासारखं आहे: वेगळे ताणे नसतात, प्रत्येक पानाचं टोकच निमुळतं होत जाऊन स्प्रिंगसारखं वळतं आणि दोरीला विळखा घालतं. फूल उघडताना हिरवट-पिवळं असतं, पाकळ्या मागे वळतात, कडा लहरी होतात, आणि मग दिवसागणिक लाल चढत जातो. गौरींच्या सुमारास वेल भरात असते. दोन सूचना. झाड मुळापासून बीपर्यंत सगळं विषारी आहे, कंद तर जास्तच. लहान मुलं किंवा कुत्रं असलेल्या घरात हात पोचणार नाही अशा जागीच लावा आणि हाताळल्यावर हात धुवा. दुसरं, नोव्हेंबरात वेल वाळली की कुंडी रिकामी आहे असं समजून घरातलं कुणीतरी तिच्यात मेथी पेरतं. कुंडीवर चिठ्ठी चिकटवा.

तेरड्याचं बी मृगात टाकावं. दीड-दोन महिन्यांत फुलतो आणि पुढच्या वर्षी स्वतःच उगवतो. हळद अक्षय्य तृतीयेपासून जूनच्या मध्यापर्यंत कधीही लावा. गोव्या-कोकणातली माणसं पुण्यात राहून नागपंचमीला पातोळ्यांसाठी बाजारात हळदीची पानं शोधत फिरतात, तेव्हा पंधरा इंची पिशवीत दोन गड्डे लावले तरी घरापुरती पानं होतात. जानेवारी-फेब्रुवारीत पानं वाळली की हळद काढायची. अळू लावताना बघून घ्या: वडीसाठी काळपट देठाचं, भाजीसाठी हिरव्या देठाचं.

श्रावण-भाद्रपद: वेल आणि किडी

दोडका, घोसाळं, कारलं, काकडी जूनमध्ये लावली असेल तर आता मांडवावर असते आणि तक्रार ठरलेली असते: फुलं खूप, फळ नाही. सुरुवातीची फुलं नर असतात, त्यामुळे पहिले दहा-पंधरा दिवस घाबरायचं कारण नाही. मादी फुलाच्या मागे चिमुकलं फळ दिसतं. तेच पिवळं पडून गळत असेल तर परागीभवन झालेलं नाही. चौथ्या-पाचव्या मजल्यावर मधमाश्या कमी येतात. मग ते आपण करायचं. ताजं उमललेलं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा आणि मधला परागाचा भाग मादी फुलाच्या मध्यावर अलगद फिरवा.

यात वेळ फार महत्त्वाची, आणि ती प्रत्येक वेलीची निराळी. घोसाळं, कारलं, काकडी सकाळी उमलतात; नऊच्या आत काम उरकायचं. दोडका मात्र संध्याकाळी पाचनंतर उमलतो आणि दुधी भोपळ्याचं पांढरं फूलही दिवस कलल्यावर. सकाळी चहा घेता घेता दोडक्याची मिटलेली फुलं एकमेकांना चोळणारे लोक मी पाहिले आहेत. दोडक्यासाठी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावरची वेळ बरोबर.

झेंडू दसऱ्याला हवा असेल तर तारीख मागे मोजावी लागते. बी टाकल्यापासून फूल मिळेपर्यंत सुमारे सत्तर-पंचाहत्तर दिवस धरा. घोळ असा होतो, की दसरा तिथीने येतो आणि झाड चालतं सूर्यावर. २०२५ मध्ये दसरा २ ऑक्टोबरला होता, तेव्हा बी पुष्य नक्षत्राच्या तोंडावर, १९-२० जुलैला पडायला हवं होतं. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ आल्यामुळे दसरा २० ऑक्टोबरला गेला, म्हणजे पेरणी आश्लेषात, ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात. मागच्या वर्षीच्या तारखेला डोळे मिटून पेरलं तर अधिक मासाच्या वर्षी पहिला बहर नवरात्रापूर्वीच संपून जातो. नक्षत्रं सूर्याची असल्यामुळे ती इंग्रजी तारखेला जवळजवळ पक्की असतात. दसऱ्याची तारीख कॅलेंडरात बघून मागे मोजा आणि मोजलेला दिवस कोणत्या नक्षत्रात येतो ते भिंतीवर लिहून ठेवा. रोप वीतभर झालं की शेंडा खुडायचा, म्हणजे ते पसरतं.

किडींचं आता. जास्वंदीच्या शेंड्यांवर पांढरा कापूस दिसला की तो पिठ्या ढेकूण. मुंग्यांची रांग खोडावर चढत असेल तर कापूस दिसायच्या आधीच समजावं. ढेकणातून झरणाऱ्या गोड रसासाठी मुंग्या त्यांची राखण करतात. पहिला उपाय पाण्याचा जोरदार फवारा, दुसरा जुना टूथब्रश आणि साबणाचं पाणी. फारच झालं असेल तर शेंडे कापून पिशवीत बांधून टाका. त्यानंतर एक लिटर पाण्यात पाच मिली कडुनिंबाचं तेल आणि भांडी घासायच्या साबणाचे चार थेंब, संध्याकाळी पानाखालून फवारायचं, आठवड्याने पुन्हा. साबण विसरलात तर तेल वर तरंगतं आणि नुसतं पाणीच फवारलं जातं.

कढीपत्त्यावर आणि लिंबावर पानावर पक्ष्याची शीट पडल्यासारखं काहीतरी दिसेल. नीट बघा, ती लिंबू फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवीगार होते आणि डिवचली तर डोक्यामागून दोन नारिंगी शिंगं काढून उग्र वास सोडते. कढीपत्ता छातीएवढा असेल तर तिला खाऊ द्यावं. झाडाची खाल्लेली पानं पुन्हा फुटतात आणि घरातल्या मुलांना कोष बघायला मिळतो. लिंबाचं रोप वर्षाच्या आतलं असेल तर अळी उचलून कढीपत्त्यावर ठेवा. दोन्ही एकाच कुळातली, तिचं काही अडत नाही.

ऑक्टोबर: खऱ्या कामाचा महिना

हस्ताचा पाऊस ओसरला, की ऊन कडक होतं आणि लोक कंटाळून बागेकडे दुर्लक्ष करतात. मला विचाराल तर पुण्यातल्या बागेचं वर्ष इथे ठरतं. चार महिन्यांच्या पावसाने कुंडीतलं खत धुऊन गेलेलं असतं आणि समोर चार महिने उत्तम हवा असते.

क्रम असा ठेवा. आधी प्रत्येक कुंडीतली वरची दोन-तीन इंच माती उकरून काढा, तण आणि मेलेली मुळं वेचा, उन्हात एक-दोन दिवस माती तापू द्या, मग तेवढंच शेणखत आणि मूठभर निंबोळी पेंड घालून भरा. त्यानंतर गुलाब. मध्याच्या आसपास, पाऊस पूर्ण थांबल्यावर छाटणी करायची. वाळकी, रोगट, एकमेकींत घुसलेली फांदी मुळापासून काढा; उरलेल्या निरोगी फांद्या निम्म्यावर आणा. काप बाहेरच्या दिशेने तोंड असलेल्या डोळ्याच्या पाव इंच वर, तिरका. कात्री धारदार हवी. बोथट कात्रीने फांदी चेचते आणि तिथून काळी पडत खाली मरत जाते. टोकाला बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावतात, घरी हळदीचा लेप लावणारेही पुष्कळ आहेत. डोळा भरलेल्या, म्हणजे कलम केलेल्या जागेच्या खालून जोमदार फूट येत असेल तर ती खुंटाची, म्हणजे ज्या झाडावर कलम केलं त्याची. कौतुक न करता काढून टाका. दीड-पावणेदोन महिन्यांत, डिसेंबरच्या सुरुवातीला पहिला बहर येतो.

टोमॅटो, वांगी, मिरची यांचं बी सप्टेंबरात टाकलेलं असेल तर रोपं आता कायमच्या जागी लावा. गच्चीवर उन्हाळी टोमॅटोपेक्षा हा टोमॅटो दसपट समाधानाचा. रोप खोल लावायचं, खालची पानं मातीत गेली तरी चालतात कारण पुरलेल्या खोडालाही मुळं फुटतात. कोथिंबिरीसाठी धणे लाटण्याने हलके रगडून दोन डाळिंब्या वेगळ्या करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि पेरायचे. नोव्हेंबर ते जानेवारी दर पंधरवड्याला एक पसरट कुंडी पेरली की घरापुरती कोथिंबीर तुटत नाही. मार्चनंतर ती लगेच तुऱ्यावर जाते. तेव्हा हट्ट सोडावा. मेथी-पालकही याच दिवसांतले.

थंडी

शेवंतीबद्दल एक गोष्ट फार कमी लोकांना माहीत असते. तिला कळ्या धरायला लांब, सलग अंधारी रात्र लागते. सप्टेंबरपासून रात्री मोठ्या होऊ लागल्या की ती कळीवर येते. बाल्कनीसमोर रस्त्यावरचा दिवा असेल, किंवा तुम्ही स्वतः रात्रभर दिवा जळत ठेवत असाल, तर झाड हिरवंगार राहतं आणि फुलत नाही. खतं बदलून उपयोग नाही. गणपती झाले की कुंडी दिव्याचा उजेड पडणार नाही अशा बाजूला हलवा. नाताळात लाल पानांसाठी आणतात त्या पॉइनसेटियाचंही असंच. बहर संपल्यावर शेवंती वितभर ठेवून कापा, मुळाशेजारची पिल्लं फेब्रुवारीत वेगळी करून लावा, उन्हाळाभर सावलीत जगवा आणि जूनपासून ऑगस्टच्या मध्यापर्यंत शेंडे खुडत राहा. नंतर खुडलेत तर कळ्याच जातील.

कढीपत्ता थंडीत रुसतो. वाढ थांबते, पानं पिवळी होतात. पाणी कमी करा, पानं ओरबाडू नका, खत देऊ नका. फेब्रुवारीच्या शेवटी शेंडे खुडून ताकाचं पातळ पाणी घाला, महिनाभरात गर्द फूट येते. तुळशीच्या मंजिऱ्या मात्र खुडत राहा. बी धरलं की तिचं आवरतं. थोड्या मंजिऱ्या वाळवून ठेवल्या तर मृगात हवी तेवढी रोपं.

मोगऱ्याचं काम रथसप्तमीच्या सुमारास. दोन आठवडे आधीपासून पाणी तोडत आणा, माती वरून कोरडी पडू द्या. पानं मलूल होतील, होऊ द्या. मग झाड निम्म्यावर छाटा आणि उरलेली पानंसुद्धा हाताने काढा, उघडं खोड दिसेपर्यंत. शेजारी बघून हळहळतात, बघू देत. मोगऱ्याच्या कळ्या नव्या फुटीच्या टोकालाच येतात, साधारण तीन-तीनच्या झुबक्यात, म्हणून जितक्या नव्या फुटी तितके झुबके. छाटल्यावर माती उकरून शेणखत, भरपूर पाणी, आणि कुंडी गच्चीतल्या सगळ्यात कडक उन्हात. मार्चअखेर कळ्या दिसतात. प्रत्येक बहर ओसरला की फुलून गेलेली टोकं एक-दोन पेरं खाली कापायची, जूनपर्यंत फुलं येत राहतात. मदनबाण दिसायला देखणा, पण वास आणि भरघोसपणा दोन्हीत मी बटमोगऱ्याच्या बाजूची.

उन्हाळा: पाण्याचा हिशेब

मार्च ते मे नवीन काही लावायचं नाही, असलेलं जगवायचं. अपवाद अक्षय्य तृतीयेनंतरच्या हळदीचा आणि भेंडी-गवारीचा, आणि भेंडी-गवारही फेब्रुवारीतच पेरलेली बरी. प्रत्येक कुंडीत मातीवर दोन इंच आच्छादन द्या: वाळका पाला, नारळाच्या शेंड्या, रसवंतीतून आणलेलं उसाचं चिपाड. चिपाडाला मुंग्या येतात, म्हणून आधी धुऊन उन्हात वाळवा. कुंड्या एकमेकींना चिकटवून ठेवा, मोठी झाडं पश्चिमेला, लहान त्यांच्या सावलीत. पन्नास टक्के सावलीची जाळी एप्रिलच्या आधी बांधून घ्या; मोगरा, बोगनवेल, ॲडेनियम जाळीबाहेर.

पाणी सकाळी लवकर, तळातून निथळेपर्यंत. संध्याकाळी बोट दोन पेरं मातीत घालून बघा, कोरडं लागलं तरच पुन्हा. दुपारी पानं मान टाकतात ते पाहून लगेच पाणी घालू नका. ऊन उतरल्यावर सावरली तर झाड ठीक आहे. बोगनवेलीला तर ताणच हवा. पाणी जास्त दिलंत तर नुसता पाला वाढतो, पानं किंचित लोंबल्यावर पाणी दिलं की रंग फुटतो.

केळीच्या सालींचं पाणी, अंड्याची टरफलं, चहाचा चोथा यांच्या फार नादी लागू नये. हे सगळं खताच्या डब्यात टाका आणि कुजल्यावर वापरा. कुंडीत कच्चं टाकलं तर उन्हाळ्यात चिलटं आणि वास याशिवाय फारसं काही मिळत नाही.

मे महिन्यात गावी जायचं असेल तर तयारी आठवडाभर आधी सुरू करा. सगळ्या कुंड्या एका सावलीच्या कोपऱ्यात आणा, आच्छादन जाड करा, फुलं आणि कळ्या खुडून टाका. लहान कुंड्यांसाठी मध्ये उंचावर पाण्याची बादली ठेवा आणि जाड सुती दोरीचं एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीच्या मातीत चार इंच खोल पुरा. दोरी आधी भिजवून घ्यायची, नायलॉनची चालत नाही. मोठ्या पिशवीत भोक बुजवलेलं छोटं मातीचं मडकं गळ्यापर्यंत पुरून पाण्याने भरा आणि वर झाकण ठेवा, पाणी हळूहळू पाझरत राहतं. निघायच्या तीन दिवस आधी ही व्यवस्था लावून एकदा पाहा, म्हणजे बादली किती दिवस पुरते ते कळतं. शेजारच्या काकूंकडे किल्ली देताना "झाडांना जरा पाणी घाला हं" एवढ्यावर भागवू नका. त्या प्रेमाने सगळ्यांना सारखंच घालतील आणि परत याल तेव्हा ॲडेनियम कुजलेला आणि लिंबू वाळलेलं असेल. खडूने कुंडीवरच लिहा: रोज, एक दिवसाआड, आणि अजिबात नको.